शनवारची ओसरी

“शनवार घरात पाळ, ओसरीवर मांडू नकोस,” असं मिल्काला तिच्या आईनं ठाण्याहून निघतानाच बजावलं होतं. “परक्या गावात लोक आपल्या देवाला त्यांच्या देवाचा अंगरखा चढवतात. मग तो उतरवायचा कोणी?” मिल्का हसली. बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलेल्या मुलीला असल्या बोलण्यावर हसणं भागच असतं.

नवरा हसकेल वाकरूळकर बांधकाम खात्यात ओव्हरसियर. लोहाऱ्याच्या वाटेवर दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर. कोकणात शनवारी तेलाचा घाणा बंद ठेवतात म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत, त्या बेने इस्राएल ज्यूंचं यवतमाळात हे एकच घर, आणि त्यात माणसं अडीच. अर्धं माणूस म्हणजे दीना. रांगायलाही न लागलेली. ती झोपली की जिवंत आहे ना हे पाहायला मिल्का तिला उठवायची, आणि ती रडायला लागली की का रडते म्हणून घाबरायची. बालसंगोपनावरची पुस्तकं वाचल्याचा एवढा फायदा झाला होता.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत स्वयंपाक उरकायचा, खोबरेलाचा दिवा लावायचा, की दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत चूल नाही, धुणं नाही, शिवण नाही. मिल्काला लहानपणापासून ही नुसती मनाई वाटायची. यवतमाळच्या उन्हात ती मनाई आत बसून पाळणं अशक्य होतं, म्हणून ती पोरीला घेऊन ओसरीवर बसू लागली. भरदुपारी धडधाकट बाई काही न करता बसली आहे, हे दृश्य त्या गल्लीनं पूर्वी पाहिलेलं नव्हतं.

पहिली आली शेजारची नलू. तिच्या घरच्यांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली होती, आणि तेव्हापासून ती कोणत्याच देवाची भीड ठेवत नसे.

“काय वो बाई, आज धूर नाही निंगाला? सायबासंगं भांडलेत का?”

“नाही हो. आमच्यात शनवारी काम बंद.”

“बंद कोणं केलं?”

“देवानं.”

“बाप्पा! बाईमाणसाचा इचार करणारा देव पयल्यांदा आयकला,” म्हणत नलू तिथंच टेकली. पुढच्या शनवारी तिनं स्वतःची चटई आणली.

समोरच्या घरातली कांता हे डोक्यावर घागर घेऊन पाहायची. तिला दोनदा दिवस राहून पोट पडलं होतं, आता तिसऱ्यांदा पोट दिसू लागलं होतं. सरकारी दवाखान्यातल्या नर्सनं विश्रांती सांगितली. कांताची सासू मथुराबाई यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि सुनेपुढे जात्यावर दळण ठेवलं. “नर्सबाईले काय जाते सांगाले? तिचं दळण कोण दळते?”

मिल्काच्या नजरेतून काही सुटत नसे. कांता उठताना भिंत धरते, वाकताना श्वास रोखते, हे तिला इकडून दिसायचं. काळजी तर तिच्याकडे स्वतःच्या पोरीला पुरून उरेल इतकी होतीच. एका शनवारी तिला राहवलं नाही. तिनं हाक मारली. कांता घागर टेकवून चटईच्या कडेवर बसते न बसते तोच मथुराबाई आल्या.

“काहून वो कांते, इथं पाय सोडून बसाले कोणाची बारात आली का?”

“हळू, मथुरामाय,” नलू म्हणाली. “बाईचा शनवार आहे. लई कडक.”

सुनेला ओढायला पुढं केलेला मथुराबाईंचा हात हवेतच राहिला. दर शनवारी मारुतीच्या देवळाबाहेर शनीला तेल वाहणारी ती बाई. “साडेसाती का वो?” त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

 नलूनं आभाळाकडे पाहिलं. “आमी शनीले सोडलं, माय. त्यानं तुमाले सोडलं का ते तुमी पाहा.”

झालं. पुढच्या आठवड्यापासून मथुराबाई स्वतः सुनेला धाडू लागल्या. “जा, बस बाईपाशी. पोट्टं सुखरूप निंगू दे.” दवाखान्याला जे जमलं नाही ते शनीनं एका वाक्यात करून दाखवलं. कांता आणि नलू एकाच चटईवर बसतात, हे मथुराबाईंना दिसतच नव्हतं. न दिसण्याचंही एक कसब असतं.

मग एका शनवारी सकाळी हसकेलला उंबऱ्यापाशी वाटी सापडली. आत तेल, तेलात काळे उडीद.

“हे काय?”

“तेल.”

“ते कळलं. कोणाचं?”

“शनीचं,” मिल्का म्हणाली.

हसकेल ओरडला नाही. शब्बाथला, म्हणजे या विश्रांतीच्या शनवारी, ओरडायचं नाही, असा त्याचा स्वतःपुरता नियम होता. “आपले वाडवडील कुठल्या मूर्तीपुढं वाकले नाहीत,” तो दातओठ खात हळूच म्हणाला, “आणि तू वर्षाच्या आत सरकारी क्वार्टरात शनीचं देऊळ काढलंस. खरं काय ते सांगून टाक.”

“खरं सांगितलं की कांता जात्यावर जाईल. या खेपेला काही झालं तर?”

“मग काय खोटा देव ठेवायचा?”

तर्कशास्त्राच्या पदवीधर बाईनं वाटी उचलली आणि आतल्या कोनाड्यात ठेवली.

त्याच दुपारी मथुराबाई चटईसमोर उभ्या राहिल्या. “बाई, ह्या व्रताचं उद्यापन कवा?” त्यांच्या मनातला हिशेब उघड होता. व्रत म्हटलं की उद्यापन आलं, आणि उद्यापन झालं की सून मोकळी.

दाराआड हसकेलची चाहूल होती. मिल्कानं दीनाला मांडीवर सावरलं. “मथुराबाई, हे शनीचं नाही हो. आमचा देव एकच. त्याला मूर्ती नाही, तेल नाही, उद्यापन नाही.”

“शनी नाही?” मथुराबाईंचा चेहरा केवढा सैल पडला! “मंग ऊठ वो कांते. दळण पडलं आहे.”

कांता भिंत धरून उठली.

“थांबा!” मिल्का इतक्या जोरात म्हणाली की मांडीवरची दीना दचकून रडू लागली. “हुकूम आहे आम्हांला. घरधन्यानं थांबायचं, बाईनं थांबायचं, लेकरांनी, गड्यानं, मोलकरणीनं. आणि दारात आलेल्या परक्यानंही.” बोलता बोलता तिचं तिलाच नवल वाटलं. इतकी वर्षं ती समजत होती की ही सगळी मनाई आपलं शिवणकाम बंद पाडायला आहे. ज्याला कोणी बस म्हणत नाही त्याच्यासाठी तो हुकूम होता, आणि ती तो पाठ म्हणून दाखवत आली होती.

“गड्यानं बी?” मथुराबाई म्हणाल्या.

“बैलानंसुद्धा.”

“बैल बी!” मथुराबाईंनी जरा विचार केला. “आन् तेल नाही, तं त्याले शांत कसं करता?”

“करता येत नाही.”

“रागावते का?”

“फार रागावतो,” दाराआडून हसकेलचा आवाज आला. हसकेल खोटं बोलत नसे, आणि आताही बोलला नव्हता.

मथुराबाईंनी ओसरीच्या चारी कोपऱ्यांत नजर टाकली. “मूर्तीवाला देव बरा,” त्या पुटपुटल्या. “तोंड कोणीकडं आहे ते तरी समजते. ह्यो कोठून पाहून राह्यला काय माहीत.” मग सुनेकडे वळून म्हणाल्या, “उभी कायले राह्यली? बस.”

शब्बाथचा महिमा असा यवतमाळात पसरला. श्रद्धेनं म्हणावं तर तसं नाही, पण कांताचे पाय तरी जमिनीवर टेकले.

कांताला सातवा लागला आणि हसकेलच्या बदलीचा हुकूम आला. चांद्याला. निघताना मथुराबाई मिल्काला म्हणाल्या, “तुमचा देव संगंच नेता ना?” मिल्का नाही म्हणाली, तो इथंही राहतो म्हणाली. त्यांना ते कितपत पटलं देव जाणे. नलूनं चटई आपल्या ओसरीवर नेली, पण नलूच्या ओसरीवर मथुराबाई सुनेला बसू देतील का, हे मिल्काला विचारायचं धाडस झालं नाही.

आता चांद्याला मिल्का दर शनवारी ओसरीवर बसते आणि तिला दुसरं काही सुचत नाही. तेव्हा तुमच्यापैकी कोणाचं यवतमाळला जाणं झालं, तर तेवढं लोहाऱ्याच्या वाटेनं जा. शक्यतो शनवारी, दुपारचं. कांता बसलेली दिसली तर काही बोलू नका, पुढं चालू लागा. जात्याचा आवाज आला तर मात्र थांबा, आत हाक मारा आणि विचारा, कांताबाई बऱ्या आहेत ना?