बर्फाच्या घरातला कापूस

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. हवामानाचा. सध्या एका कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभा आहे. त्याचं मला आता काही वाटत नाही. धूळ बसते, बसू दे.

इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईंच्या नवऱ्याने मला जाड पुठ्ठ्यातून कापलं. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, त्यामुळे माझी सहा घरं त्याने अगदी रेखीव आखली: ऊन, ढग, वारा, पाऊस, धुकं आणि बर्फ. बर्फ त्याने जन्मात पाहिला नव्हता, म्हणून त्या घरात कापूस चिकटवला. मधोमध पत्र्याचा काटा बसवला आणि बाईंच्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात मला खिळ्याला टांगलं.

वर्गाला मोठी माणसं यायची, दिवसभराची कामं उरकून. रोज एकाने उठायचं, माझा काटा फिरवायचा आणि हवेबद्दल इंग्रजीत बोलायचं. बाईंचा नियम कडक होता. "खिडकीकडे बघायचं नाही, तक्त्याकडे बघायचं." त्यांचंही बरोबर होतं. आमच्याकडे जवळजवळ वर्षभर ऊनच. खिडकीकडे बघून शिकवलं असतं, तर धडा उन्हापुढे सरकलाच नसता.

नळ दुरुस्त करणारे काका एकदा वैतागले. "बाई, प्रत्येक वाक्यात हा 'इट' कशाला? पाऊस काय तो पाडतो?"

"कोणी पाडत नाही हो. पण त्याच्याशिवाय वाक्य उभं राहत नाही."

जोराच्या पावसाला 'स्ट्राँग रेन' नाही, 'हेवी रेन' म्हणायचं, हेही बाई घोकवून घ्यायच्या. कोणी पाहुणे आले की माझं कौतुक व्हायचं. तेव्हा मला ते आवडायचं.

त्या वर्गात एक शिवणकाम करणाऱ्या काकू होत्या. बाहीला कायम टाचण्या टोचलेल्या, म्हणून सगळे त्यांना टाचणीकाकू म्हणत. मुलगा परदेशात आणि नातीला येई ते फक्त इंग्रजी. रविवारी फोनवर नात विचारायची, आजी, तिकडे हवा कशी आहे? काकू नुसत्या हसायच्या. नातीशी आपल्या तोंडाने बोलता यावं, एवढ्यासाठीच त्या शिकायला आल्या होत्या.

आमचा धडा बर्फावर आला होता आणि रविवारी फोन वाजला. काकूंच्या डोळ्यांपुढे मीच होतो. त्या छातीठोकपणे म्हणाल्या, "इट इज स्नोइंग!"

नात आनंदाने किंचाळली. तिच्या गावातही बर्फ पडत नसे. शाळेत सगळ्यांना सांगून आली. मग वडिलांनी तिला समजावलं की आजीकडे उन्हाने अंगाची लाही लाही होते. पुढच्या रविवारी ती फोनवर आलीच नाही. मुलगा म्हणाला, "आई, ती म्हणते आजी खोटं बोलते."

काकूंनी हे वर्गात सांगितलं. त्यानंतर पाळी आली की त्या उठायच्या, काटा फिरवायच्या, वाक्यं म्हणायच्या आणि बसायच्या. चुकत नव्हत्या. पण आवाजात जीव नव्हता. बाई शाबासकी द्यायच्या, ती त्यांना ऐकूही जात नसावी.

सुट्टीत मुलगा आणि सून नातीला घेऊन आले. ती आजीशी बोलेना. शेवटी काकू तिचा हात धरून तिला वर्गात घेऊन आल्या. त्यांनी माझा काटा बर्फावर आणला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "इट इज स्नोइंग," त्या म्हणाल्या.

मुलगी जवळ आली. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने हात वर करून तो कापूस ओढून काढला. त्याबरोबर पुठ्ठ्याचा पापुद्राही निघाला. मला दुखलं. त्यानंतर फारसं काही दुखल्याचं आठवत नाही.

कापूस मुठीत धरून ती खिडकीशी गेली. "इट इज हॉट, ग्रँडमा."

काकूंनी बाईंचा नियम मोडला आणि खिडकीबाहेर पाहिलं. "येस," त्या म्हणाल्या. "व्हेरी हॉट."

पुढे बाई थकल्या आणि वर्ग बंद पडला. खोलीत मोडकी बाकं येऊन पडली, मग हे कपाट आलं. माझा काटा गंजून एका जागी अडकला.

मित्रांनो, कधी हे कपाट हलवलंत तर मला पुसून घ्या. काट्याला तेलाचा एक थेंब द्या. वाटलं तर घरंही नव्याने रंगवा. शेवटच्या घरात मात्र दुसरा कापूस चिकटवू नका. तिथला बर्फ एक मुलगी घेऊन गेली आहे.