त्यांचं नाव अर्जावर आहे

मी एक जुना पत्रा आहे. कोपरे गंजलेले, पोटात पोचा. पण मित्रांनो, माझी कीव करायला बसला असाल तर आत्ताच उठा. मला कीव नको, तुमचे कान पाहिजेत.

आधी मी तेलाच्या पिंपाचं अंग होतो. रेणापूरजवळच्या एका खेड्यात गुरुपादप्पा गुरुजींनी मला लोहाराकडून ठोकून सपाट करून घेतलं, काळा रंग दिला आणि पांढऱ्या रंगानं माझ्यावर इंग्रजी शब्दांच्या ओळी काढल्या. माय म्हणजे माझं, इंग्रजीतलं मी म्हणजे मला. हिज म्हणजे त्याचं, हिम म्हणजे त्याला. हर मात्र एकटीच दोन्ही कामं करते, तिचं आणि तिला. गावात इंग्रजीचं पुस्तक एकच, ते गुरुजींच्या पिशवीत. भिंतीवर मीच! पोरं छडीच्या भीतीनं ओरडून पाठ करायची आणि वाक्य करायला सांगितलं की हिमच्या जागी हिज ठोकून द्यायची. गुरुजी कपाळाला हात लावायचे. यात माझी काय चूक होती? मी तर रोज बरोबरच दाखवत होतो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसायला लागले. शाळेच्या दारात पाण्याचं पिंप ठेवलं, टँकर आला की ते भरायचं. पाण्यात धूळ जाते म्हणून गावकऱ्यांनी मला भिंतीवरून उतरवलं आणि पिंपावर झाकण म्हणून ठेवलं. मी शिकवणारा पत्रा, आणि माझ्या डोक्यावर तांब्या! राग आला होता. आला म्हणजे काय, अजून गेलेला नाही.

पण त्या पिंपापाशीच मला रत्नम्मा भेटली. मल्लिकार्जुनची बायको, सातवीतून शाळा सुटलेली. पोरांना पाणी वाढायला शाळेनं तिला ठेवलं होतं. दिवसातून तीस वेळा मला उचलायची, आणि उचलताना माझ्यावरची एकेक ओळ ओठांतल्या ओठांत वाचायची. गुरुजींनाही पत्ता नव्हता. मला होता.

एके दिवशी वर्गात पोरं अशीच अडली. गुरुजींचा आवाज चढला. दारातून रत्नम्मा म्हणाली, “गुरुजी, मी सांगून बघू का?”

“तू? बरं, सांग बघू.”

तिनं तांब्या खाली ठेवला. “आरं पोरांनो, तुमची आई तुमच्या बापाचं नाव घेती का?”

“न्हाई!” सगळा वर्ग.

“मग टोपी सापडंना झाली तर काय म्हणती?”

“त्यांची टोपी कुठं हाय!”

“आन् ते जेवायला बसले की?”

“त्यांना भाकर वाढ!”

“झालं की मग! त्यांची म्हणता तिथं हिज, त्यांना म्हणता तिथं हिम. घरी रोज आईकून राहिलात, हितं कामून अडता?”

त्या दिवसापासून पोरं अडली नाहीत. गुरुजी म्हणाले, “रत्नम्मा, तू मॅट्रिकला बस.” बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म त्यांनीच भरला. पहिल्या खेपेला ती इंग्रजीत नापास झाली. गावात बाया तोंडाला पदर लावून हसल्या. दुसऱ्या वर्षी ती पास झाली, आणि तरीही पाणीच वाढत राहिली.

ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला. नवी कार्यालयं, नव्या पाट्या. तिथं एका संस्थेनं शाळा काढली आणि शिकवायला बाई पाहिजे म्हणून कळवलं. रत्नम्मा गुरुजींकडं आली. “गुरुजी, धा वर्षं पाणी वाढलं. मला शिकवायचं हाय. वयाची अट औंदा संपती. ही जागा गेली की मी जलमभर पिंपापाशीच.”

गुरुजींनी मला धुतलं, पुसलं, तिच्या हातात दिलं. “पाठ घेऊन दाखवा म्हणतील. हा घेऊन जा. तुझाच आहे तो.”

जुन्या लुगड्यात गुंडाळून, एसटीच्या सीटखाली ठेवून तिनं मला लातूरला मुलाखतीला नेलं. मल्लिकार्जुन सोबत होता, तो बाहेर कडुलिंबाखाली थांबला. आत तीन साहेब बसले होते. मला बघून मधले साहेब हसले. “बाई, हे भंगार कशाला आणलंत?”

साहेब, तुमचं टेबल माझ्यापेक्षा जास्त डुगडुगत होतं. पण ते असो.

साहेबांनी इंग्रजीत विचारलं, नवऱ्याचं नाव काय? रत्नम्मा गप्प राहिली. साहेबांनी पुन्हा विचारलं. ती गप्पच. “प्रश्न कळला नाही वाटतं,” साहेब शेजाऱ्याला म्हणाले आणि दुसरा अर्ज हातात घेतला. मी मनातल्या मनात ओरडलो. अगं, दहा वर्षं! एक नाव घे आणि मोकळी हो!

रत्नम्मानं पदर खोचला आणि तीही इंग्रजीतच बोलली. “हिज नेम इज ऑन माय फॉर्म. आय रिस्पेक्ट हिम. आय विल नॉट से इट. प्लीज रीड इट.”

त्यांचं नाव माझ्या अर्जावर आहे. मी त्यांना मान देते. ते नाव मी घेणार नाही. कृपा करून वाचा. मित्रांनो, हिज, माय, हिम, सगळे आपापल्या जागी! साहेबांनी मुकाट्यानं तिचा अर्ज उलटला आणि नाव स्वतः वाचलं. मग माझ्याकडं बोट करून म्हणाले, “बाई, घ्या पाठ.”

ती बाहेर आली तेव्हा मल्लिकार्जुन उठून उभा राहिला. “काय गं, काय इचारलं?”

“तुमचं नाव.”

“मंग? घेतलंस का काय?”

“न्हाई ओ. मराठीत घेतलं न्हाई, इंग्रजीत कशाला घेऊ? जागा तेवढी घेतली.”

आज मी रत्नम्माबाईंच्या वर्गात भिंतीवर आहे. मला भंगारात द्या म्हणून शिपाई दोनदा निरोप घेऊन आला. बाईंनी दोनदा परत पाठवला. तेव्हा मित्रांनो, माझी धूळ पुसा, कोपऱ्यांना थोडं तेल लावा, पण उपकार म्हणून नको. मी एका बाईला पिंपापासून खुर्चीपर्यंत नेलंय. ज्याला मला खाली उतरवायचं असेल, त्यानं आधी तिच्यासमोर उभं राहून विचारावं, हा पत्रा कुणाचा. उत्तर ती देईल, तेही इंग्रजीत.