पाण्याला वास येतोय

लोक इंटरनेटवर काय शोधतात, ते शोधताना नेमके कोणते शब्द टाइप करतात आणि असे शोधणारे महिन्याला किती असतात, हे काढून द्यायचं काम दोघी बहिणींतली धाकटी करायची. मग त्या शब्दांवर गिऱ्हाइकाची जाहिरात दिसेल अशी व्यवस्था लावायची. चपलांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर, पाच माणसांचं ऑफिस होतं. सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे नळाला लावायचे फिल्टर विकणारी एक कंपनी.

त्या मंगळवारी ऑफिसच्या मालकांनी, सरांनी, तिला हे शोध मोजणारी तीन टूल्स ताडून बघायला सांगितली होती. एक जुनं आणि महागडं, ऑफिस चार वर्षं तेच वापरत होतं. दुसरं फुकटातलं. तिसरं नवीन, चौदा दिवस वापरून बघा म्हणून दिलेलं. तिन्हींत तेच पन्नास शब्द घालायचे, आकडे शेजारीशेजारी मांडायचे आणि कोणतं ठेवायचं ते शुक्रवारपर्यंत लिहून द्यायचं.

‘पाण्याची टाकी साफ करणे’, ‘स्वस्त फिल्टर’, ‘फिल्टर कसा बसवायचा’. तिन्ही टूल्स थोड्याफार फरकाने एकच सांगत होती. चौतिसाव्या शब्दाला मात्र गाडी अडली. ‘पाण्याला वास येतो’. महागडं म्हणालं, महिन्याला नव्वद जण. फुकटातलं म्हणालं, दहा ते शंभर, म्हणजे काहीच म्हणालं नाही. नवीन म्हणालं अकराशे, आणि पुढे वर चढणारा लाल बाण.

“हे नवीन फेकतंय,” ती शेजारच्या डिझायनरला म्हणाली.

“मग पकड की. तुला लोकांना खोटं पाडायला आवडतंच,” तो मान वर न करता म्हणाला.

पकडायचा एक मार्ग होता. टूल्स अंदाज सांगतात, पण फिल्टरवाल्यांची जाहिरात ज्यांना दिसली त्यांनी खरोखर काय टाइप केलं होतं, ते जाहिरातीच्या खात्यात जसंच्या तसं नोंदलं जातं. तिने ती यादी उघडली, गेल्या सहा दिवसांची.

‘पाण्याला वास येतो’ सगळ्यांत वर होतं. त्याखाली ‘नळाचं पाणी कुबट वास’. त्याखाली ‘उकळलं तरी पाण्याला वास’. ती खाली सरकत गेली. ‘लहान मूल उलटी जुलाब ताप’. ‘जुलाब किती दिवस राहतात’. ‘चार वर्षांच्या मुलीला जुलाब डोळे आत गेले’.

जुलाबाच्या शोधावर फिल्टरची जाहिरात दिसायचं कारण तिला ठाऊक होतं. महिन्यापूर्वी तिनेच शब्दांची जाळी सैल सोडली होती, जवळपासच्या शोधांवरही जाहिरात दिसेल अशी, जरा जास्त मासे लागावेत म्हणून.

तिने तीन टूल्सची माहितीपानं पुन्हा वाचली. महागडं बारा महिन्यांची सरासरी काढत होतं. सहा दिवसांत काही घडलं तर त्या सरासरीत ते बुडून जाणार, दिसणारच नाही. नवीन टूल गेला आठवडा धरून मोजत होतं. म्हणजे ते फेकत नव्हतं. तिघांत तेवढं एकच जागं होतं.

हे शोधणारे कुठले, ते दाखवणारा नकाशा तिने उघडला. शहरभर तुरळक ठिपके, आणि टेकडीच्या मागे, नव्या इमारतींवर, एकच दाट डाग. त्या इमारतींतल्या चौथीत, पहिल्या मजल्यावर, तिची थोरली बहीण राहत होती.

फोन तिसऱ्या खेपेला उचलला गेला.

“ताई, तुमच्याकडे पाण्याला वास येतोय का?”

“काय गं, हॅलो नाही, कशी आहेस नाही, एकदम पाणी?” थोरलीचा आवाज ओढलेला होता. “नाही येत. का?”

“मुंगी कशी आहे?”

मुंगी म्हणजे थोरलीची चार वर्षांची मुलगी. साखरेचा डबा कुठेही लपवला तरी शोधून काढायची, म्हणून मुंगी.

“पोट बिघडलंय तिचं रविवारपासून. औषध दिलंय घरातलं. आता पडून आहे जरा.”

“पडून आहे म्हणजे? दिवसा?”

“झोपली असेल. तुला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. इथे दिसतंय. तुमच्या भागात सगळे पाण्याचं आणि जुलाबाचं शोधतायत. तू तिला नळाचं पाणी देऊ नकोस. उकळून दे.”

“तुझ्या कंप्युटरला माझ्या नळाचं काय कळतं?” थोरली म्हणाली. “आणि मी नळाचं देतच नाही. तूच दिलास ना फिल्टर, हे एवढ्या मोठ्या खोक्यातून? तो लावल्यापासून वास नाही की काही नाही. उकळायची कटकट केव्हाच बंद केली मी.”

तो फिल्टर धाकटीनेच आणून दिला होता, कंपनीकडून सवलतीत. त्याची जाहिरात तिने लिहिली होती आणि लिहिण्याआधी माहितीपत्रक ओळ न् ओळ वाचलं होतं. आत कोळसा असतो. तो वास काढतो, चव सुधारतो. जंतू मारत नाही. तसं पत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं आणि जाहिरातीत ते घ्यायची गरज कोणालाच वाटली नव्हती, तिलाही नाही.

“ताई, मी येतेय. तिला आता त्यातलं घोटभरही देऊ नकोस. तूही पिऊ नकोस. ऐक माझं.”

ती सरांच्या काचेच्या खोलीत गेली. सर पन्नाशीचे, शांत डोक्याचे, आवाज न चढवणारे. तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि नकाशा दाखवला.

“अरे वा,” सर म्हणाले. “मागणी वाढलीय की. या भागात जाहिरात वाढव. आजच.”

“सर, लोक आजारी पडतायत तिथे. आपला फिल्टर वास घालवतो. वास गेला की त्यांना वाटणार पाणी चांगलं आहे.”

सरांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. “तू डॉक्टर आहेस का? मी आहे का? शब्दांवरून असा साथीचा रोग काढायचा नसतो. उद्या कंपनीने विचारलं तर काय सांगू?”

“माझी भाची आजारी आहे. मला जायचंय.”

“मग जा,” ते लगेच म्हणाले. “ते आधी सांगायचं. बाकीचं उद्या बघू.”

रिक्षात तिने पाणीपुरवठा कार्यालयाला फोन लावला. तिघांनी तिला एकमेकांकडे टोलवल्यावर चौथा कारकून म्हणाला, “मॅडम, त्या भागातून आमच्याकडे लेखी तक्रार एकही नाही.”

“लोक तुमच्याकडे नाही, इंटरनेटवर विचारतायत.”

“मग उत्तरही तिथेच मिळेल ना,” तो म्हणाला. त्यात कुचकेपणा नव्हता, नुसता कंटाळा होता. फोन ठेवला गेला.

टेकडी ओलांडली तसं तिला सगळंच वेगळं वाटू लागलं. इमारती तशाच होत्या, वाळत घातलेले कपडे तसेच. पण गच्च्यांवर, खिडक्यांत, दोऱ्यांवर चादरी फार होत्या. एकेका घराच्या चार-चार चादरी, भर दुपारी. खालच्या मोकळ्या जागेत एकही मूल खेळत नव्हतं. जिन्याजवळ एक म्हातारे आजोबा पायरीवर बसले होते, पोटाशी हात धरून. तिने “बरं आहे ना?” विचारलं तर त्यांनी फक्त मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही, आणि ती थांबली नाही.

थोरलीने दार उघडलं. तिचाच चेहरा पांढराफटक होता. आत पलंगावर मुंगी पडली होती, डोळे अर्धवट उघडे. धाकटीने हाक मारली तर तिने नजर वळवली, पण ती नजर कुठेतरी मागे पोचली. ओठ कोरडे पडले होते. गाल ओढले गेले होते. त्या यादीतली ओळ धाकटीच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि एक भलतीच शंका आली.

“ताई, तू काही शोधलंस का फोनवर? डोळे आत गेले असं?”

थोरली म्हणाली, “सकाळी. का? वर तुझ्या फिल्टरची जाहिरात आली. मी म्हटलं, तो तर आहेच आपल्याकडे.”

धाकटीने मुंगीला चादरीसकट उचललं. पोर इतकी हलकी लागली की तिला रडू फुटायला आलं. थोरलीने किल्ल्या शोधायला दोन मिनिटं लावली, त्या तिच्या हातातच होत्या.

इस्पितळात बाकं भरून गेली होती. आया, बाप, मांडीवर मुलं. कोणी मोठ्याने रडत नव्हतं, त्याची धाकटीला जास्त भीती वाटली. नर्सने मुंगीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी जागेवर जायला वेळ लागला. त्यानंतर सगळं भराभर झालं. सलाइनसाठी शीर सापडेना. एका हाताला, दुसऱ्या हाताला, मग पायाला. मुंगी ओरडलीसुद्धा नाही. थोरली भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि धाकटी दोन्ही हातांनी ते बारकं पाऊल धरून होती.

“राहायला कुठे?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“टेकडीमागे.”

“ही आजची सतरावी,” त्या म्हणाल्या. “काल कळवलंय मी वर. बघू केव्हा हलतात.”

धाकटीने लॅपटॉप बाहेर काढला. तो नकाशा आणि ती यादी, दोन्ही त्यांना दाखवली. डॉक्टरीणबाई उभ्या उभ्याच वाचत होत्या. “पहिला दिवस कोणता?”

“गेला गुरुवार. संध्याकाळी पाचनंतर.”

“माझ्याकडे पहिलं मूल शनिवारी आलं.” त्यांनी फोन काढला आणि कोणाचं तरी नुसतं आडनाव घेऊन बोलायला सुरुवात केली. या खेपेला पलीकडून कोणी टोलवलं नाही. गुरुवार आणि पाचनंतर, हे दोन शब्द त्यांनी तीनदा उच्चारले.

संध्याकाळी टेकडीमागचं पाणी बंद झालं. दुसऱ्या दिवशी खणलं तेव्हा कारण सापडलं. गुरुवारी दुपारी रस्त्याच्या कामात खोदायच्या यंत्राचा दात जमिनीखालच्या पाण्याच्या पाइपला लागला होता, आणि हातभर अंतरावर सांडपाण्याचा पाइप आधीपासूनच झिरपत होता. माती लोटून रस्ता बुजवून टाकला होता. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

मुंगीचं सोमवारपर्यंत काही खरं नव्हतं. मधल्या एका दुपारी तिला झटके आले आणि दोघी बहिणींना बाहेर काढलं. तो पाऊण तास त्या बाकावर एकमेकींना न शिवता बसून होत्या. थोरली एकदाच बोलली.

“तू वाचलं होतंस ना ते? शेवटचं पान?”

“हो.”

“मला सांगितलं नाहीस.”

“नाही.”

थोरलीने मान डोलावली. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं धाकटीला वाटलं. जिन्याजवळचे आजोबा गेल्याचं त्यांना तिथेच, शेजारच्या बाईकडून कळलं.

सरांचा फोन आला तेव्हा धाकटीला वाटलं, अहवालाचं विचारतील. त्यांनी मुंगीचं विचारलं. मग घसा खाकरून म्हणाले, “त्या भागातली जाहिरात मी मंगळवारीच थांबवली. तू गेल्यावर. कंपनी चिडलीय. चिडू दे.”

“सर, पत्रकातलं ते शेवटचं पान पहिल्यावर घ्यायला सांगा त्यांना. नाहीतर मी त्यांचं काम करणार नाही.”

“सांगून बघतो,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजावरून तिला वाटलं, कंपनी ऐकणार नाही, आणि मग आपल्याला खरंच काम सोडावं लागेल. तिला त्याचीही भीती वाटली. पण बोललेलं तिने मागे घेतलं नाही.

सोमवारी सकाळी मुंगीने डोळे नीट उघडले आणि कुरकुरत्या सुरात म्हणाली, “आई, पाणी.”

टेबलावर बंद बाटली होती. थोरलीने झाकणाचं सील तोडलं, बाटली नाकाशी नेली आणि बराच वेळ धरून ठेवली. मग ती धाकटीपुढे केली. धाकटीनेही हुंगलं. वास नव्हता. वास नसण्यावर आता दोघींचाही विश्वास उरला नव्हता. धाकटी बाटली घेऊन नर्सकडे गेली, ते पाणी आपल्यासमोर उकळायला लावलं आणि निवेपर्यंत तिथेच उभी राहिली. आत मुंगी पाणी मागत होती.