न भरलेली घागर

"चिंधाभाऊ, तुमना दोस्तले सांगी ठेवा. मी त्यासनी बॅग विहिरमा टाकी दिसू."

कुंदाबाई भर उन्हात माझ्या पंक्चरच्या टपरीसमोर उभी राहून हे बोलली, तेव्हा तिचा नवरा अभिमन माझ्याच बाकावर बसून चहा पीत होता. म्हणजे ऐकवायचं होतं त्यालाच, पण मधे मी. होळी झाल्यापासून दोघांचा असाच कारभार चालला होता. घरात अबोला, आणि भांडायला माझी टपरी.

"टाक ना," अभिमन कपात बघत म्हणाला. "बॅग नवी लिसू."

"देखा भाऊ, कसा बोलतस. मराले जावानं शे, मंग नवी बॅग तरी कसाले?"

डोक्यावरचा पदर ओढून ती तरातरा निघून गेली. दोंडाईच्याकडून आलेला मिरचीचा एक टेम्पो तिच्या अंगावरून धूळ उडवत गेला, तरी तिनं मागं वळून पाहिलं नाही. मी अभिमनला म्हणालो, "तुनी बायको बरोबर बोलस." त्यानं मला शिवी दिली आणि दुसरा चहा मागवला.

अभिमन म्हणजे आमच्या गावचा नावाजलेला ड्रायव्हर. मिसरूड फुटलं तेव्हापासून ट्रकवर. आधी किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, मग ड्रायव्हर. कानपूर, गुवाहाटी, कुठं कुठं जाऊन आला गडी, आणि गाडीला कधी ओरखडा नाही. धुळ्याचा त्याचा मालक म्हातारा झाला, पोरांना धंद्यात रस नव्हता, त्यानं गाड्या विकून टाकल्या आणि अभिमन घरी बसला. रस्त्यावरचा माणूस घरात बसला की घरालाही जड होतो आणि स्वतःलाही.

काम नव्हतं असं नाही. रावेरकडचा एक व्यापारी त्याला केळीच्या गाडीवर बोलवत होता. रावेर ते दिल्ली. पण केळी कोणासाठी थांबत नाही, ती वाटेत पिकायला लागते, म्हणून रात्रभर गाडी हाणायची आणि डोळा लागू द्यायचा नाही. दुसरं काम मीच शोधलं होतं. दोंडाईच्यात कचऱ्याच्या घंटागाडीवर ड्रायव्हर पाहिजे होता, ठेकेदार माझ्या ओळखीचा. पगार यथातथाच, पण सकाळी जायचं आणि दुपारनंतर घरी. अभिमन हे ऐकून इतका हसला, की मला त्याचा बाक ओढून घ्यावासा वाटला.

आणि तिसरं ते परदेशाचं. वाळवंटातला कुठला तरी देश, लढाई चालू असलेला. तिथं छावणीला डिझेलचे टँकर पोचवायचे. पगार इथल्या चौपट. दोन वर्षं काढली की स्वतःचा ट्रक, एवढं एकच स्वप्न त्या माणसाच्या डोक्यात बसलं होतं.

पण खरी गोष्ट ट्रकची नव्हती. ती मला आणि त्यालाच ठाऊक होती. अभिमनला रात्रीचं नीट दिसेनासं झालं होतं. समोरून गाडी आली की तिचा उजेड सगळ्या काचेवर पसरायचा आणि त्यात झाड कुठलं, माणूस कुठला, काही कळायचं नाही. मालकाच्या शेवटच्या फेरीला शिरपूरच्या अलीकडं एका बैलगाडीला तो घासून गेला होता. बैलही वाचले आणि गाडीवानही वाचला, पण त्या दिवशी माझ्या बाकावर येऊन बसला तेव्हा मागवलेला चहा त्यानं तसाच ठेवला. मी त्याला असा कधी पाहिला नव्हता.

"डोया दखाड ना भो कोनले," मी म्हणालो होतो.

"दखाडा. डॉक्टर म्हने, रातनी गाडी चालाडू नका. त्याले म्हनाले काय जास? रातना चालाडाव नही, तो ड्रायव्हर कसाना?"

कुंदाबाईला यातलं काही सांगायचं नाही, अशी त्यानं मला शपथ घातली.

मग एके दिवशी मला बरोबर घेऊन तो धुळ्याला गेला. आग्रा रोडवर एका दुकानाच्या माडीवर त्या एजंटचं ऑफिस होतं. किरण नावाचा तरणा माणूस, इस्त्रीचा शर्ट, बोलणं साखरेच्या पाकातलं.

"काळजी कसली करता, अभिमनभाऊ? एकटी गाडी जातच नाही तिथे. ताफा असतो. पुढे-मागे लष्कराच्या गाड्या. आणि सगळं दिवसाच. सूर्य बुडाला की ताफा जिथल्या तिथे थांबतो."

दिवसाच, हा शब्द ऐकून अभिमनचा चेहरा खुलला. मला ते बघवलं नाही.

"साहेब, आमना गावना नवल तुम्हीच धाडेल व्हता ना?" मी विचारलं. "तो कथा शे?"

"त्यांच्याशी सध्या संपर्क होत नाहीये. चौकशी चालू आहे," किरण म्हणाला, एसटी उशिरा येणार हे सांगावं तसं. मग त्यानं पंख्याचा वेग वाढवला आणि आमच्यासाठी थंड मागवलं. ते थंड मी प्यायलो नाही.

परत येताना बसमध्ये अभिमन खिडकीशी बसला होता. बाहेर नांगरून टाकलेली काळी रानं उन्हात भाजत होती. मग तो हळूच म्हणाला, "चिंधा, आठे रातनी गाडी चालाडी तं एखादा दिन मी कोनले तरी मारसू. कोना बाप, कोना पोऱ्या. तठे दिनमा चालाडानं. मरनू तं मी एकलाच मरसू. हिसाब साफ शे."

"आनि घंटागाडी?"

"आख्खा जनम बारा चाकी चालाडी, नि आते लोकेसना कचरा व्हावू?"

"कचरा व्हाईसन कोनी मरत नही," मी म्हणालो. माझा आवाज चढला तसे बसमधले लोक बघायला लागले. माझं डोकं असं पटकन फिरतं, त्याला माझा इलाज नाही. हा माणूस दुसऱ्याला मारायला घाबरतो आणि स्वतः मरायला घाबरत नाही, याचा मला मनापासून राग आला होता आणि त्याच्याबद्दल मायाही वाटत होती.

आखाजी झाली की लगेच निघायचं ठरलं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडं मोठा सण. लिंबाच्या झाडांना झोके, माहेरी आलेल्या पोरींची गाणी, पारावर गडीमाणसांचे पत्ते. पण त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं घागरही भरतात. कोरी मातीची घागर पाण्यानं भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोरी ठेवायची, आणि त्या माणसाच्या वयाचा कोणीतरी पितर म्हणून जेवायला बसवायचा. तो जेवला की गेलेल्याला पोचतं. कुंभाराची गाडी आली, आणि त्या कुंभारानं कोणाला न विचारता एक घागर ताईबाईच्याही ओट्यावर ठेवली.

ताईबाई म्हणजे नवलची आई. नवल आणि अभिमन एका वयाचे, एकाच गाडीवर किन्नरकी केलेले. मागच्या दिवाळीआधी नवल त्या देशात गेला, थंडीत त्याचा शेवटचा फोन आला, आणि पुढं काही नाही. मेल्याची बातमी नाही आणि जिवंत असल्याचीही नाही. ताईबाई ही घागर भरते की नाही, याकडं सगळ्या गावाचं लक्ष होतं. तिनं अभिमनला जेवायला बोलावलं.

कुंदाबाई पुन्हा माझ्याकडं आली. या वेळी ती भांडत नव्हती.

"भाऊ, जिवत मानूसले पितर बसाडतस का कोनी? तुम्ही बी जा त्यासनासंगे. एकला जाऊ देऊ नका."

मी हात धुतले, बरा सदरा घातला आणि गेलो.

ताईबाईच्या घरात गारवा होता. जमीन सारवलेली होती. चुलीजवळ दोन ताटं, पुरणपोळी, आमरस, कुरडया. घागर कोपऱ्यात होती, पालथी घातलेली, कोरडी. अभिमननं ती पाहिली आणि ताटावर बसला, पण त्याचा हात ताटाकडं जाईना.

"माय, खरं सांग," तो म्हणाला. "माले काय म्हनीसन वाढी ऱ्हायनी तू?"

ताईबाई तूप वाढता वाढता थांबली. खाली बसली.

"माले बी समजत नही, बेटा. घागर भरू तं मी मना हाते त्याले मारं. नही भरू नि तो खरंच गयेल व्हई, तं या उन्हायामा तो पानी बिगर ऱ्हाई. मंग मी काय करू? तू त्याना वयना. त्यानासारखा ड्रायव्हर. तू खाय. त्याले पोचनं तं पोचनं, नही तं तुनं पोट भरी."

मला समोरचं काही दिसेना. मी डोळे पुसले. अभिमन खाली मान घालून जेवायला लागला, आणि ताईबाई पदरानं आम्हाला वारा घालत नवलबद्दल बोलत राहिली. लहानपणी तो कसा भाकरीची गाडी करायचा, आमरस कसा वाटीनं प्यायचा. बोलता बोलता ती त्या शेवटच्या फोनवर आली.

"मी म्हनं, बेटा, झोप व्हस का? तो म्हने, माय, झोप कथाइन? दिनमा गाडी काढी का वरतीन बॉम्ब टाकतस. म्हनीसन आते रातनाच चालाडतस, लाइट बंद करीसन. पुढनी गाडीना मांगे मांगे, अंधारामा. मी म्हनं, तुले दखास कसं रे? तो म्हने, मना डोया चांगला शेतस, म्हनीसन आजून जिवत शे."

अभिमनचा घास हातातच राहिला. मी त्याच्याकडं पाहिलं आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं. धुळ्याच्या माडीवरचं ते सगळं बोलणं आमच्या दोघांच्या मधे येऊन पडलं होतं. त्यानं तांब्या उचलला आणि घटाघटा सगळं पाणी प्यायला.

"माय," तो म्हणाला, "माले रातनं दखास नही."

"माले माहीत शे," दारातून आवाज आला.

कुंदाबाई उंबऱ्यात उभी होती. कधी आली कोण जाणे.

"रातले ओटावर चढतांना तुम्ही भिंत चाचपतस. माले दखास नही का? तुम्ही कव्हय सांगशात, मी तेच देखी ऱ्हायंती."

ताईबाईनं कुंदाबाईला आत बोलावलं, पाट दिला आणि तिच्यासाठी तिसरं ताट घेतलं. चौघांत पुढं परदेशाचं नाव निघालं नाही. घागर कोपऱ्यात पालथीच राहिली.

अभिमन गेला नाही. आता तो दोंडाईच्यात घंटागाडी चालवतो. पुढं भोंग्यावर स्वच्छतेचं गाणं आणि मागं ओला-सुका कचरा. जुने ड्रायव्हर फाट्यावर गाडी थांबवून त्याची टिंगल करतात, "काय अभिमनशेठ, आज माल कोनता भरा?" पहिले काही दिवस तो तोंड लपवून यायचा. आता तोही त्यांना सुनावतो. ऊन उतरायच्या आत घरी असतो, आणि कुंदाबाई माझ्या टपरीवर भांडायला यायची बंद झाली आहे. मला वाटलं, सुटलं एकदाचं.

पण एके दिवशी तो बाकावर बसून राहिला, चहाही मागवला नाही.

"किरणना फोन उना व्हता," तो म्हणाला. "म्हने, तुमनी जागा भरायनी. बोदवडकडना कोनी गया."

"मंग? आपले काय?"

"त्याले कोनी सांगं व्हई का, तठे रातना चालाडतस म्हनीसन?"

मी ट्यूब पाण्यात बुडवली आणि बुडबुडे बघत बसलो.

ड्रायव्हर लोकांत कोण कुठला, हे शोधायला वेळ लागत नाही. पुढच्या सुटीला अभिमन दोंडाईच्याहून रेल्वेत बसला आणि बोदवडला गेला. दिवेलागणीआधी परत आला आणि थेट टपरीवर.

"भेटना का?" मी विचारलं.

"नही. मी पोचनू त्याना आदला दिन तो निंघी गयेल व्हता. त्यानी माय व्हती घर."

"सांगं का तिले?"

अभिमननं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तिनी इचारं, तू बी ड्रायव्हर शे का? मी हा म्हनं. मंग म्हने, बस बेटा, उन्हातीन उनास, पानी पी."

"मंग?"

"पानी पिधं. सांगता काही उनं नही," तो म्हणाला, आणि अंधार पडायच्या आत घरी जायला उठला.