राणीचे कान

पेडण्याच्या त्या गोठ्यात पहाट उतरायची ती काजूच्या मोहराचा वास घेऊनच. धुक्यात राणी म्हैस अर्धी दिसे, अर्धी विरून जाई. कमल कासेला हात लावी, रेडकू तोंड घाली, आणि नेमकी तेव्हाच यंदा नव्याने सुरू झालेली म्हापशाची बस वळणावर कर्णा वाजवत जाई. झालं! राणी थरथर कापे आणि पान्हा चोरून घेई. आठ दिवसांचं रेडकू वरच्या दुधावर वाळून चाललं होतं.

"दृष्ट, दुसरां काय!" म्हणत कमल रोज विस्तवावर मीठमोहरी, मिरच्या टाकी. त्या तडतडल्या की म्हैस आणखीच दाव्याला हिसके देई, आणि कमलची खात्री पटे. एरवी शहाणी बाई, पण आपल्याच विस्तवाकडे काही तिचं लक्ष गेलं नाही.

"फाल्या वेपारी येतलो. म्हस देवन् टाकया," नवरा सगुण म्हणाला. उद्या नेली की व्यापाऱ्याकडून ती पुढे कुठे जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

कमलने आनंदाला फोन लावला आणि बसच्या वेळेला राणी कशी बिथरते ते सांगितलं. डिचोलीच्या खाणीवर कामाला असताना राणीला त्यानेच वाढवलं होतं. खाण बंद पडली तेव्हा म्हैस सगुणला देऊन तो कोल्हापूरकडे गावी परतला होता.

"कर्णा वाजतोय व्हय तिथं?" म्हातारा म्हणाला. "पोरी, खाणीवर भोंगा झाला की मागनं सुरुंग उडायचा. ही चार दिसांची हुती, तवा तिची आई बिथरून दरडीवरनं पडून गेली. मग भोंगा झाला की मी हिचं कान हातानं झाकायचो. सुरुंग उडूस्तवर."

दुसऱ्या पहाटे कमलने विस्तव पेटवलाच नाही. कर्णा वाजला तशी तिने राणीचे दोन्ही कान तळव्यांनी झाकले. कर्णा थांबला, तरी राणी कापतच राहिली. मागून यायचं त्याची ती वाट पाहत होती. कमलही श्वास धरून थांबली. धुकं तेवढं हललं. बस दूर गेली. मग राणीने एक लांब उसासा टाकला, आणि रेडकू चुटूचुटू पिऊ लागलं. कमलच्या डोळ्यांना धार लागली. सगुणने व्यापाऱ्याला दारातूनच परत पाठवलं.

कमलने आनंदाला फोन लावला आणि तो रेडकाच्या तोंडापाशी धरला. ते चुटूचुटू ऐकून म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "सुरुंग न्हाई न्हवं उडाला?"

"नाय ओ काका," कमल म्हणाली, "उडूक नाय."