अकराशे चार दिवस

योगेंद्रने तिसऱ्यांदा केबल हलवून पाहिली. ती घट्टच होती.

"काका, आता तुमच्यामुळेच निसटेल ती," धनश्री म्हणाली. कतारगामच्या या ऑफिसात ती सहा महिन्यांपूर्वी लागली होती. साड्यांच्या ऑर्डरी घेणारी साइट त्याआधी आठ वर्षं योगेंद्र एकटाच सांभाळत होता. आता राखीव सर्व्हर तयार होता. लोड बॅलन्सर दर पाच सेकंदांनी जुन्या सर्व्हरला हाक मारणार. उत्तर आलं नाही, की गिऱ्हाइकांना राखीवकडे वळवणार. पण जुना बंद केल्याशिवाय याची खात्री पटणार नव्हती.

खिशात फोन थरथरला. लोटूदादा, थोरला भाऊ. योगेंद्रने तो उचलला नाही. उद्या गावी आईचं दुसरं श्राद्ध होतं. ती गेली तेव्हा तो पोचेपर्यंत चिता विझली होती. मशीन बंद पडलं, निघता आलं नाही, असं त्याने सांगितलं होतं. भावकी कुजबुजली, तेव्हा दादाने त्याचीच बाजू घेतली होती.

"हे जमलं की काकांना चार दिवस गावी जाऊ दे, असं शेठ म्हणालेत."

"आधी जमू दे."

तो उठला, पुन्हा बसला. धनश्रीने जुन्या सर्व्हरवर काहीतरी टाइप केलं आणि थबकली.

"अकराशे चार दिवस. काका, तीन वर्षांत हे मशीन एकदाही बंद पडलेलं नाही. शेठना दाखवू? खूश होतील तुमच्यावर."

"नको."

"अहो, पण—"

"नको म्हटलं ना."

स्वतःच्या आवाजाने तोच दचकला. आई अत्यवस्थ असल्याचा फोन आला त्या दिवशी तो याच खुर्चीत, चालू मशीनसमोर, संध्याकाळपर्यंत बसून राहिला होता. आईला जाताना पाहायचं धैर्य झालं नव्हतं.

मग त्यानेच सर्व्हर बंद केला. पंख्याची घरघर थांबली. पाच सेकंद. दहा. पडद्यावर पलसाण्याच्या एका व्यापाऱ्याची ऑर्डर उमटली. पाठोपाठ दुसरी.

"चालला की," धनश्री हळूच म्हणाली. "आता जा गावी."

तो जिन्यात आला आणि दादाला फोन लावला.

"काय रे, औंदा बी मशीन बंद पडनं का?" दादाच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसती काळजी होती.

योगेंद्रने कठडा धरला.

"नही दादा. तवय बी पडनं नव्हतं."

त्याने फोन कानावरून काढून पाहिला. सेकंद पुढे सरकत होते. दादाने फोन ठेवला नव्हता.