तिसरा कान

“पक्ष सोडतोय मी,” चहावरची साय चमच्याने कडेला सारत साहेब म्हणाले. “पुढच्या आठवड्यात. या कानाचं त्या कानाला कळता कामा नये.”

समोर उभ्या असलेल्या स्वीय सहायकाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “बरं, साहेब.”

“बरं काय? धक्का नाही बसला?”

“बसला ना. आतल्या आत बसला.”

साहेबांनी त्याला निरखून पाहिले. आमदारकीच्या पहिल्या दिवसापासून हा माणूस त्यांच्या अर्धे पाऊल मागे चालत आला होता; बंगल्यावर सगळे त्याला सावलीच म्हणत. पण सावलीचे एक असते. दिवस माथ्यावरून कलला, की ती दुसऱ्याच बाजूला लांबू लागते. आणि साहेबांचा दिवस कलला आहे, अशी कुजबुज आता बंगल्याच्या फाटकापर्यंत आली होती.

गेल्या बैठकीत मुख्यमंत्र्यांनी सर्वांदेखत विचारले होते, “काय बांधकाममंत्री, भाड्याच्या घोड्याला आज दाणापाणी मिळेल ना?” सगळे हसले. नेमके कशाला हसायचे, हे एकट्या साहेबांना ठाऊक होते. मुख्यमंत्र्यांना ‘भाड्याचा घोडा’ त्यांनीच म्हटले होते. याच खोलीत, दार लावून. आता मंत्रिमंडळात फेरबदल व्हायचा होता. त्याआधी घरभेदी सापडला, तर त्याच्यावर खापर फोडून खुर्ची वाचण्याची आशा होती.

भेदी पकडण्याच्या विद्येवर तर त्यांची सारी कारकीर्द उभी होती. सभा संपल्यावर सतरंज्या उचलण्याच्या वयात, आपल्या वृद्ध नेत्याच्या गोटातून बातम्या फुटताना पाहून त्यांनी सुचवले होते : तीन माणसांना तीन वेगळ्या थापा सांगा; जी फिरून परत येईल, तिचा माणूस आपला नव्हे. फिरून आली ती नेत्याच्या सख्ख्या पुतण्याला सांगितलेली. म्हातारा तोंड झाकून रडला. पुतण्याची उमेदवारी यांना मिळाली. पुढे उपमंत्री, राज्यमंत्री, मंत्री. खुर्च्या उंच होत गेल्या, आणि प्रत्येक वेळी ती खुर्ची त्यांनी भिंतीच्या आणखी जवळ सरकवून घेतली. पाठीमागून कुणी येऊ नये म्हणून.

दुसरा गळ मतदारसंघ सांभाळणाऱ्या मेहुण्याला, बंगल्यावरच्या ‘दादां’ना, टाकला.

“हृदयाचं दुखणं निघालंय. राजीनामा द्यावा लागेल.”

“असं नका म्हणू, दाजी!” मेहुण्याचे डोळे भरून आले, पण त्याच श्वासात त्याने विचारले, “मग पोटनिवडणूक साधारण कधी लागेल?”

तिसरा बायकोला. “मुख्यमंत्र्यांच्या तोंडावर भांडून आलो आज.”

“आरशासमोर का?” ती म्हणाली. “हात धुवा, जेवण गार होतंय.”

मग साहेब वाट पाहत बसले. रोज सकाळी वर्तमानपत्रे पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत चाळत. एका राज्यमंत्र्याची दाढ दुखत असल्याची चौकट होती. नव्यांपैकी कुणाला कोणते खाते, याचे तर्क होते. पक्षांतर नव्हते, हृदय नव्हते, भांडण नव्हते. तिघेही निष्ठावान निघाले, याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. एके काळी ते शिंकले तरी दुसऱ्या दिवशी औषध सुचवणारी पत्रे येत.

नव्या मंत्र्यांच्या शपथविधीच्या आदल्या संध्याकाळी, टेबलावरचा फोन दिवसभर मुका राहिल्यावर, त्यांनी सहायकाला आत बोलावले.

“खरं सांग. बोललास कुणाजवळ?”

“बोललो, साहेब.”

साहेबांच्या छातीत काहीतरी उजळल्यासारखे झाले. “अखेर तूच!”

“तिन्ही गोष्टी बोललो.” सहायकाची नजर जमिनीवर होती. “दादा विचारत आले, साहेबांचं हृदय खरंच बिघडलंय का. मग बाईसाहेबांनी विचारलं, मुख्यमंत्र्यांशी भांडलो म्हणतात, साहेबांचं डोकं ठिकाणावर आहे का. तेव्हा ओळखलं. त्या पुतण्याची गोष्ट तुम्हीच सांगायचात ना प्रचाराच्या गाडीत. म्हटलं, एखादी तरी फिरून परत येऊ दे. तुम्ही पेपर असे उलटसुलट करून बघता, ते बघवत नव्हतं.”

“मग?”

“मी स्वतः गेलो तीन-चार वार्ताहरांकडे. एकाने चहा पाजला. म्हणाला, साहेबांना नमस्कार सांगा, सध्या जागा नाही.”

बाहेर पहारेकरी कुणाशी तरी हसत होता. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

“आणि तो घोडा? तो कुणी सोडला?”

“तुम्हीच. फोनवर, दादांशी बोलताना. लाइनीत तो खट् आवाज यायचा ना, आपलं बोलणं चोरून ऐकणाऱ्यांचा? तो आल्यावर तुम्ही वर म्हणालात, ‘ऐकणाऱ्यांनो, नीट लिहून घ्या.’ त्यांनी घेतलं लिहून.”

साहेबांना आठवले. त्या तिसऱ्या कानाची त्यांना इतकी सवय झाली होती, की घरच्या माणसासारखी ते त्याची थट्टा करत. आपण ऐकण्याजोगे आहोत, याची ती रोजची पावती होती.

“येतो अजून, खट्?”

सहायक घुटमळला. “बैठकीनंतर नाही आला, साहेब.”

मग साहेबांनी समोरच्या खुर्चीकडे बोट केले. “बस.”

इतक्या वर्षांत हा शब्द त्याच्या वाट्याला कधी आला नव्हता. तो खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला. जणू ती दुसऱ्या कुणाची होती आणि तो माणूस आत्ता येणार होता.

साहेबांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. कोणताही क्रमांक फिरवला नाही. लाइन चालू होती. तिची गुणगुण स्वच्छ, अखंड, मधे कुठेही न अडखळणारी. ते ऐकत राहिले. ज्या आवाजाला आयुष्यभर शिव्या घातल्या, त्याची वाट पाहत राहिले.

“हॅलो,” अखेर ते हळूच म्हणाले. “आहे का कुणी?”

खुर्चीच्या कडेवर टेकलेला सहायक सवयीने उठून उभा राहिला.